मुलांना अभयारण्य दाखवण्याआधी शाळेमागचा ओढा दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या. येत्या काही आठवड्यांत बहुतेक शाळांत वृक्षारोपण होईल, खड्ड्यात रोप ठेवताना फोटो निघतील आणि हिवाळ्यात एखाद्या अभयारण्याची नाहीतर उद्यानाची सहल जाईल. तेवढ्यावर मुलांची निसर्गाशी ओळख झाली असे आपण मानतो. परिसर अभ्यास शिकवणारे आणि मुलांना घेऊन नेमाने बाहेर पडणारे म्हणून आमची मागणी वेगळी आहे. प्रत्येक शाळेने चालत दहा मिनिटांच्या आत असलेली एक जागा निवडावी आणि वर्षभर, दर आठवड्याला, मुलांना त्याच जागी न्यावे. ऋतू बदलतील, जागा बदलायची नाही.

यासाठी वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न आता उरलेला नाही. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमांचा दिवस आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवस सांगितले आहेत. परिसर अभ्यास हा विषय तर कधीपासूनच आहे, आणि तिसरीच्या पुस्तकाच्या जिल्हावार आवृत्त्या काढण्याइतके शहाणपणही आपल्याकडे आहे. पण जिल्हा हा मुलाचा परिसर नव्हे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. दोन्हीकडच्या मुलांची माती, झाडे, घरांची छपरे, गुरांचा चारा, सगळेच निराळे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा परिसर म्हणजे ते पायी जाऊन जेवायच्या वेळेला घरी येऊ शकते तेवढाच.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम केले, तेव्हा गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. म्हणून शिक्षकच कुरणात गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. पाने, बिया, खडे हेच मोजायचे आणि मांडायचे साहित्य झाले. आज मुले वर्गात आहेत आणि कुरण बाहेर राहिले आहे, म्हणून उलट दिशेने चालायचे आहे.

जागा निवडताना फार मोठी शोधू नये. ३०-३५ मुलांच्या वर्गाला दोन गुंठे पुरतात. तिथे तीन गोष्टी असाव्यात: एखादे जुने, मोठे झाड, उघडी माती, आणि पावसाळ्यात पाणी वाहते किंवा साचते असा कोपरा. ओढ्याचा काठ, देवळामागचे आवार, पाझर तलावाची कड, गायरानाचा तुकडा, शहरात बागेचा दुर्लक्षित कोपरा किंवा पुण्यासारख्या ठिकाणी टेकडीचा पायथा, यांपैकी काहीही चालते. कठडा नसलेली विहीर, विजेची उघडी पेटी (डीपी), खाणीचे पाणी आणि ओलांडावा लागणारा महामार्ग असेल, तर ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडून द्यावी. ग्रामपंचायत, देवस्थान किंवा शेतमालक, जागा ज्यांची असेल त्यांची परवानगी लेखी घ्यावी. गावाला देवराई असेल तर उत्तमच, पण तिथले नेम पाळावेत. काही देवरायांत वाळलेली काटकीही उचलत नाहीत, काहींत चपला बाहेर काढतात. मुलांनी हे नेम गावातल्या जाणत्या माणसाकडून ऐकावेत.

किनाऱ्यावरच्या शाळांचे गणित वेगळे. खडकाळ किनारा पाहायचा तर ओहोटी हवी आणि ओहोटी शाळेच्या वेळापत्रकाला विचारत नाही. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे दुपारी पावणेचार. ओहोटी त्याआधी सहा तास बारा मिनिटे, साडेनऊच्या सुमारास. पाणी सर्वांत लांब जाते ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि सायंकाळी लागते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला सोयीची मिळते, पण तेव्हा भांग म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फारसे मागे हटतच नाही. म्हणून शाळेला चतुर्थी-पंचमीची सकाळ सर्वांत बरी. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा आणि छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावा; थोडाफार फरक पडतो. ओहोटीच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास खडकावर पोहोचावे आणि पाणी वळले की निघावे. कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने पाय कापतो, म्हणून अनवाणी नको. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नये, त्याचा दंश विषारी असतो. उलटवलेला दगड पुन्हा जसा होता तसा ठेवायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे. तसा न ठेवल्यास त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

आता आठवड्याच्या तासाविषयी. ४० मिनिटे कमी पडतात, ६० पुरतात. पोहोचल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे सर्वांनी बसून नुसते ऐकायचे. पहिली-दुसरीच्या मुलांना याहून जास्त वेळ बसवू नये. मग १५-२० मिनिटे एकच नोंद, तीही पाच-पाच जणांच्या गटात. मग किमान २० मिनिटे मोकळा खेळ. शेवटची दहा मिनिटे वहीत लिहिणे. वही साध्या पुठ्ठ्याची आणि लेखन पेन्सिलीने. पेनाची शाई पावसाळ्यात पसरते. बहुतेक ठिकाणी गडबड होते ती एकाच कारणाने. शिक्षक एका तासात पक्षी, झाडे, माती, पाणी, कचरा हे सगळे घ्यायला जातात, मुले एका गोष्टीपुढे थांबतच नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात नवे काही सांगायचे शिल्लक नाही म्हणून उपक्रम बंद पडतो.

नोंदीची सर्वांत सोपी आणि सर्वांत फळणारी रीत म्हणजे चौकट. पाच मीटर सुतळी घ्यावी, दर मीटरला एक गाठ मारावी, चार गाठींवर बांबूच्या खुंट्या अडकवून एक मीटर गुणिले एक मीटर असा चौकोन आखावा. उरलेली सुतळी बांधायला लागते. खुंट्या जागेवर ठेवून येऊ नये. शेळ्या, गुराखी किंवा दुसऱ्या वर्गातली मुले त्या उपटतात आणि पुढच्या वेळी चौकोन हातभर सरकतो. त्याऐवजी चार कोपऱ्यांत रंग लावलेले दगड अर्धे पुरून ठेवावेत. प्रत्येक गटाची एक चौकट. त्यात किती प्रकारची रोपे आहेत आणि सर्वांत उंच रोप किती सेंटिमीटर, एवढेच लिहायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात चौकट जवळपास उघडी असते. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर टाकळा दोन-दोन पानांनी वर येतो, त्यामागून केना, कुर्डू, आघाडा, गवते. श्रावणात मोजणे अवघड होते, भाद्रपदात गवताला तुरे येतात आणि दिवाळीनंतर सगळे पिवळे पडत जाते. मार्चमध्ये तीच चौकट पुन्हा उघडी झालेली असते, पण आता मुलांना ठाऊक असते की त्या मातीत बी पडलेले आहे.

इथे शिक्षकांची एक खरी अडचण येते: ‘मला नावे येत नाहीत.’ या एका भीतीपायी कितीतरी शिक्षक बाहेर पडतच नाहीत. पहिल्या महिन्यात नावे आलीच पाहिजेत असे नाही. मुलांनी दिसण्यावरून नाव ठेवावे: लव असलेले, तांबड्या देठाचे, चुरगळल्यावर वास येणारे. एखादी डहाळी कागदात दाबून घरी न्यावी आणि आजीला, शेतावरच्या माणसाला, भाजीवाल्या मावशींना विचारावे. टाकळा, कुर्डू, केना या रानभाज्याही आहेत, त्यामुळे घरी उत्तर हमखास मिळते आणि बऱ्याचदा करण्याची रीतही. एकाच रोपाला दोन गावांत दोन नावे असतील तर दोन्ही लिहावीत. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी साधने आहेत, पण कोवळ्या रोपाच्या बाबतीत ती वारंवार चुकतात. फूल किंवा फळ आल्यावर पुन्हा पाहावे. खाण्याच्या बाबतीत मात्र मोबाइलवर अजिबात विसंबू नये, आणि मुलांनी रानातले काहीही तिथल्या तिथे तोंडात घालू नये.

दुसरी नोंद झाडाची. प्रत्येक गटाने एक झाड घ्यावे आणि दर आठवड्याला चार गोष्टी पाहाव्यात: पालवी, जून पाने, कळी-फूल, फळ. प्रत्येकाला ‘नाही’, ‘थोडे’, ‘भरपूर’ यांतले एक लिहावे. झाड असे घ्यावे की जमिनीवर उभे राहून निम्म्याहून जास्त पसारा दिसेल. चिंच, पळस, उंबर, बहावा, कडुनिंब, शेवगा, काटेसावर चांगली. शाळांच्या कुंपणाला रांगेने लावलेला खोटा अशोक वर्षभर जवळपास तसाच दिसतो आणि मुले कंटाळतात. खुणेच्या फांदीला सुती चिंधी सैल बांधावी. प्लास्टिकची दोरी बांधली तर फांदी जाड होताना सालीत रुतते. अशाच साप्ताहिक नोंदी देशभरातल्या शाळांकडून गोळा करणारा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम आहे. शाळेला त्यात भाग घेता येतो, पण आधी स्वतःच्या भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावावा. पळस पाने गाळून फुलतो, बहावा उन्हाळ्याच्या भरात लोंबतो आणि उंबराचे फूल कधीच दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असते. उंबर उभा कापून भिंगाने पाहिला की आतली बारीक फुले आणि चिलटाएवढ्या गांधीलमाश्या दिसतात. या एका कापलेल्या उंबरावर चौथीचा वर्ग पूर्ण तासभर रमतो.

पावसाचे माप तर प्रत्येक शाळेने ठेवलेच पाहिजे. दोन लिटरची, सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग जिथे संपतो आणि भिंत सरळ होते तिथे कापावी. कापलेला वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवावा आणि कडेने चिकटपट्टी लावावी. तळाला खोलगट पाकळ्या असतात, म्हणून मूठभर खडी आणि पातळ सिमेंट ओतून तळ सपाट करावा. तो वाळल्यावर त्याच्या पृष्ठभागाला शून्य धरून बाहेरून मिलिमीटरची पट्टी उभी चिकटवावी. नरसाळ्याचे तोंड आणि बाटलीची रुंदी एकच असल्याने पट्टीवर दिसेल तो थेट मिलिमीटरमधला पाऊस. इथे नेमकी चूक होते. पाणी जास्त जमावे म्हणून घरातले मोठे नरसाळे अरुंद बाटलीवर बसवले जाते. नरसाळे १२ सेंटिमीटर आणि बाटली ६ सेंटिमीटर रुंद असेल तर माप दुप्पट नव्हे, चौपट दिसते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. सहावीच्या मुलांना हे आधी चुकीचे करू द्यावे आणि मग शोधायला लावावे.

मापक छपराखाली किंवा झाडाजवळ नको. जवळची भिंत जितकी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते ठेवावे, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर येईल असे. जमिनीला टेकवून ठेवले तर आपटणारे थेंब उडून आत जातात. विटांच्या आधाराने पक्के करावे, नाहीतर वाऱ्याने कलंडते. रोज सकाळी साडेआठला मोजून पाणी ओतून द्यावे; हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो, म्हणजे आपला आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडता येतो. ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’ आणि ११५.६ पासून ‘अति जोरदार’ पाऊस, हे खात्याचे वर्ग मुलांना माहीत असावेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर बाटली रात्रीत भरून वाहते, म्हणून तिथे मुसळधारेच्या दिवसांत संध्याकाळीही मोजावे आणि दोन आकडे मिळवावेत. रविवारची नोंद शाळेजवळ राहणाऱ्या मुलांकडे द्यावी. एका मिलिमीटर पावसाचे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल तर १० मिलिमीटरच्या सरीत त्यावर हजार लिटर पडले. ते कुठून कुठे गेले, हे पाहायला छत्र्या घेऊन बाहेर पडावे आणि पन्हाळीपासून ओढ्यापर्यंत त्या पाण्याच्या मागे चालावे.

रुईच्या झुडपाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते जवळपास कोणत्याही पडीक जागेत असते. पानाच्या खालच्या बाजूला प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळी शिंगे असलेली अळी सापडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे जातात, म्हणजे चार शनिवारांत पूर्ण गोष्ट दिसते. अळी डब्यात कोंडून वर्गात आणू नये. पाने सुकतात, डबा घामेजतो आणि अळी बुरशीने मरते. झुडपावरच पाहावी. पान मोडू नये, चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

आता खेळाविषयी, आणि इथे आमचा आग्रह सर्वांत जास्त आहे. वीस मिनिटांचा मोकळा खेळ हे नोंदीचे बक्षीस नव्हे. शिस्त मोडली म्हणून तो कधीही काढून घेऊ नये. झाडावर चढताना मूल फांदीची ताकद हाताने ओळखते, ओढ्यात बांध घालताना पाणी कुठून फुटते ते पाहते. ही समज वहीतून येत नाही. आपले बरेच खेळ मुळात जागेचे आणि ऋतूचे आहेत. सूरपारंब्यांना वड लागतो. ओल्या मातीत सळई खुपसत पुढे जाण्याचा खेळ पावसाळ्यातच जमतो. काळ्या मातीत सळई चटकन रुतते पण चिखल धरून जड होते, मुरमात ती रुततच नाही. (सळईचे टोक बोथट असावे आणि खेळणाऱ्याच्या पुढे कोणी उभे राहू नये, एवढे दोन नियम पुरे.) आंबे संपले की उकिरड्यावर उगवलेली कोय उचलून, टरफल काढून, तिचे टोक दगडावर घासून पुंगी वाजवता येते. पाऊस उघडला आणि जमीन टणक झाली की विटीदांडू आणि लगोरी. चिंचा खाऊन झाल्या की चिंचोके. गजग्याची म्हणजे सागरगोट्याची बी दगडावर घासून चटका दिला की घर्षणाने उष्णता निर्माण होते हे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. बिट्ट्यांनी खेळताना एक पक्के लक्षात ठेवावे: पिवळ्या कण्हेरीच्या बिट्टीचा आतला गर जीवघेणा विषारी आहे, तेव्हा वाळलेल्या, अखंड बिट्ट्याच घ्याव्यात आणि फोडू देऊ नयेत. अगदी लहान मुलांना त्या देऊच नयेत.

दिवाळीतला किल्ला हा तर आपल्याकडचा या शिक्षणाचा सर्वांत सुंदर तास आहे आणि तयार प्लास्टरचे किल्ले विकत आणून आपण तो घालवत आहोत. सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात शाळेत एक किल्ला करावा, पण तो मनातला नव्हे, समोरच्या डोंगराचा असावा. आधी डोंगर नीट पाहून कागदावर उतरवावा: सोंड कुठे, घळ कुठे, टाके कुठे, वाट कोणत्या बाजूने. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद जागा घ्यावी. आत दगड-विटांचा गाभा रचावा, त्यावर चिखलाच्या राड्यात बुडवलेले गोणपाट टाकावे, मग माती. निव्वळ काळी माती लावली की वाळताना आक्रसते आणि दुसऱ्या दिवशी हातभर भेगा पडतात. एक भाग काळी, दोन भाग चाळलेली तांबडी आणि त्यात दोन-चार मुठी भुसा घातला की माती धरून राहते. ओल्या मातीवर आळीव पेरावेत. आळिवाच्या बीला भिजल्यावर बुळबुळीत आवरण येते, त्यामुळे ते उतारावरही चिकटून राहते. मेथी किंवा गहू खाली घरंगळतो. दोन दिवसांत अंकुर फुटतात, चार-पाच दिवसांत उतार हिरवा होतो. पाणी हाताने शिंपडावे, तांब्याने ओतले की बियांसह माती खाली येते.

आळीव मुद्दाम एकाच बाजूला पेरावेत. उगवल्यावर दोन्ही उतारांच्या पायथ्याशी एकेक वाटी पुरून ठेवावी आणि माथ्यावरून झारीने दोन्ही बाजूंना सारखेच, अर्धा-अर्धा लिटर पाणी सोडावे. हिरव्या बाजूच्या वाटीत कमी आणि स्वच्छ पाणी येते, उघड्या बाजूच्या वाटीत गढूळ. दोन्ही वाट्या रात्रभर ठेवून तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजावा. डोंगर उघडा पडला की धरण गाळाने का भरते, हे पाचवीच्या मुलाला यानंतर तोंडी सांगावे लागत नाही. दिवाळी झाल्यावर ती माती आणली तिथेच परत टाकावी.

सुरक्षेबाबत पालकांच्या शंका रास्त आहेत आणि त्यांना मोघम उत्तर देऊ नये. पहिली-दुसरीच्या दहा मुलांमागे आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक मोठे माणूस हवेच. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंतच्या गवतात मुलांना सोडू नये. आधी मोठ्यांनी काठी आपटत पायवाट करावी. बिळात, दगडांच्या कपारीत, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप चित्रांवरून सर्वांना ओळखता यावेत, पण दंश झाल्यावर साप शोधत किंवा मारत बसू नये. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मुलाला चालवू नये, दंशाचा हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन आहे, ही चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करून नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

सापापेक्षा जास्त वेळा मुले अडचणीत येतात ती बियांमुळे. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या चवीच्या लागतात आणि त्या खाऊन उलट्या-जुलाब होऊन मुले रुग्णालयात गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. एरंड, गुंज, धोतरा आणि कण्हेर यांचीही ओळख पहिल्या महिन्यातच करून द्यावी. जागेवर ही झाडे असली तर उपटत बसण्यापेक्षा मुलांनाच त्यांवर लाल चिंधी बांधायला लावावी. गाजर गवत उघड्या हाताने उपटण्याची ‘श्रमदाने’ मुलांकडून करून घेऊ नयेत, त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगांची लव अंगाला लागली तर चोळू नये. चिकटपट्टी लावून उचलावी, मग धुवावे. झाडावर आग्या मोहोळ बसले असेल तर ते असेपर्यंत त्या झाडाकडे फिरकू नये. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर लगेच पक्क्या इमारतीत परतावे, झाडाखाली थांबू नये. आणि पायाला जखम असेल त्या मुलाने साचलेल्या पाण्यात उतरू नये; मुंबई-कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे.

‘यात अभ्यासाचे काय?’ असे विचारणाऱ्या पालकांना डोळ्यांविषयी सांगावे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात १२ प्राथमिक शाळांत तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटे जादा, मुलांना उघड्यावर नेले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. तैवानने तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर घालवण्याचा कार्यक्रमच घेतला. आमच्या साप्ताहिक तासाने एवढा उजेड मिळणार नाही, म्हणून मधली सुट्टी तरी उघड्यावर व्हावी.

शेवटी शिक्षण विभाग, जिल्हा परिषदा आणि महापालिकांकडे आमच्या मागण्या. आनंददायी शनिवारच्या उपक्रमांत ठरलेल्या जागेवरचा हा तास स्पष्ट शब्दांत घालावा आणि त्यासाठी फोटो किंवा ऑनलाइन अहवाल मागू नये. मुलांच्या वह्या हाच अहवाल, अधिकाऱ्यांनी येऊन त्या पाहाव्यात. प्रत्येक स्थानिक संस्थेत २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. वर्षाअखेरीस मुलांच्या चौकटीच्या आणि झाडांच्या नोंदी त्या समितीपुढे ठेवण्याची सोय करावी.

आणि शाळांच्या आवारात पेव्हर ब्लॉक घालणे थांबवावे. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान बंधनकारक केले आहे. सिमेंटने झाकलेल्या मैदानावर सळई रुतत नाही, टाकळा उगवत नाही आणि पडलेल्या मुलाचे गुडघे फुटतात. चिखल होतो ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय निचऱ्याचा आहे: उताराच्या बाजूला एक फूट खोल चर काढून त्यात खडी भरावी आणि फाटकापासून वर्गापर्यंत दीड मीटर रुंदीची एकच फरसबंदी वाट ठेवावी. यापुढे आवाराच्या कामाचे अंदाजपत्रक करताना तीन गोष्टी लिहूनच घ्याव्यात: किमान एक गुंठा माती उघडी, प्रत्येक झाडाच्या खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी, आणि मातीत खेळून आल्यावर हातपाय धुण्यासाठी मुलांच्या उंचीचे दोन नळ.

आपले,
परिसर अभ्यास शिकवणारे काही शिक्षक व निसर्गअभ्यासक